‘तबस्सुम टॉकीज’: रामाच्या वहिनींच्या गप्पा

आमच्या लहानपणी बेळगावात दूरदर्शन नव्हते. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि त्याच महिन्यात ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ हा मुलाखतींचा कार्यक्रमही सुरू झाला. परंतु ते प्रक्षेपण आमच्यापर्यंत पोहोचत नसल्याने टिळकवाडीतील आमच्या घराला धारवाड आणि सांगली आकाशवाणीवरच समाधान मानावे लागे. त्या कार्यक्रमाच्या सूत्रसंचालिका तबस्सुम यांना मी पहिल्यांदा पाहिले ते मे महिन्याच्या सुट्टीत, दादरच्या मावशीकडे. साऱ्या मजल्यावरची मंडळी एकाच संचासमोर दाटीने बसलेली असत आणि पडद्यावर केसांत फूल माळलेल्या एक बाई मोठमोठ्या नटांना असे काही हसवीत असत, की समोर कॅमेरा आहे याचा त्या नटांना विसर पडावा. सुट्टी संपली की तो कार्यक्रमही आमच्यापुरता संपे. तो पुढे १९९३ पर्यंत, म्हणजे एकवीस वर्षे चालला. माझ्या वाट्याला त्यातले जेमतेम पाचसहा भाग आले असतील.

त्यामुळे ‘तबस्सुम टॉकीज’ हे त्यांचे युट्यूब चॅनेल पाहताना राहून गेलेले काहीतरी पदरात पडल्यासारखे वाटते. गेले काही महिने माझ्या सासूबाई आणि मी रात्रीची आवराआवर झाली की रोज एक भाग पाहतो. मांडणी अगदी साधी आहे. तबस्सुम समोर बसून जुन्या काळच्या कलावंतांविषयी बोलतात, मध्येच एखादा शेर ऐकवितात, एखादा विनोद करतात आणि पुन्हा मूळ गोष्टीकडे वळतात.

चित्रपटसृष्टीतील किस्से सांगणाऱ्यांची आज वाण नाही. त्यांतील बहुतेकांनी ते कुठेतरी वाचलेले असतात. तबस्सुम यांचे तसे नाही. जन्म १९४४ चा. आणि १९४७ साली, वयाच्या तिसऱ्या वर्षीच, त्या ‘बेबी तबस्सुम’ म्हणून पडद्यावर आल्या. १९५१ च्या ‘दीदार’मध्ये त्यांनी नर्गिसचे बालपण रंगविले आणि पुढच्याच वर्षी ‘बैजू बावरा’मध्ये मीनाकुमारीचे. ज्या मुलीला चित्रीकरणाच्या वेळी अख्ख्या स्टुडिओने कडेवर खेळविले असेल, तिने मोठेपणी त्याच लोकांच्या मुलाखती घेतल्या, तर त्या मुलाखतीत आदरापेक्षा आपलेपणा अधिक असणार हे उघड आहे. त्यांच्या विनोदाला बोचरी कडा का नाही, याचे उत्तरही मला इथेच सापडते: घरातली माणसे घरातल्यांची थट्टा करतात तशी ती थट्टा आहे. आमच्याकडील समारंभांत मोबाईलवर आलेले विनोद कागदावर उतरवून वाचणाऱ्या सूत्रसंचालकांनी या गप्पा अवश्य ऐकाव्यात. हशा आल्यावर पुढचे वाक्य किती वेळाने उच्चारावे, एवढे जरी ते शिकले, तरी श्रोते त्यांना दुवा देतील.

त्यांच्या नावाची हकीकत मला विशेष भावते. वडील अयोध्यानाथ सचदेव आणि आई असगरी बेगम हे दोघेही स्वातंत्र्यसैनिक. पत्नीच्या धर्मभावनेचा मान राखून वडिलांनी मुलीचे नाव तबस्सुम ठेवले, तर पतीच्या भावनेचा मान राखून आईने कागदोपत्री किरणबाला. पाटीवर कोणती भाषा वर असावी यावरून ज्या गावाने इतकी वर्षे डोके तापवून घेतले, त्या गावात बसून ही गोष्ट ऐकताना जरा हसूही येते.

सासूबाईंना यांतले काहीच नवे वाटले नाही. त्यांचे सारे लक्ष वेधून घेतले ते एकाच माहितीने: तबस्सुम यांचे पती विजय गोविल हे ‘रामायण’ मालिकेत राम साकारणाऱ्या अरुण गोविल यांचे थोरले बंधू. १९८७ साली रविवारी सकाळी ‘रामायण’ सुरू होण्यापूर्वी दूरदर्शन संचाला हार घालणाऱ्या पिढीतल्या त्या. तेव्हापासून आमच्या घरी या चॅनेलचे नाव ‘रामाच्या वहिनी’ असे पडले असून, “आज वहिनी काय म्हणतात?” असे विचारल्याशिवाय सासूबाई खुर्चीत बसत नाहीत.

भाषेची अडचण येईल असे मला आधी वाटले होते. आमच्या खडेबाजारात कानांवर पडणारी दखनी बोली वेगळी आणि तबस्सुम यांची घोटीव उर्दू वेगळी. परंतु शेर अर्धवट कळला, तरी त्यांच्या चेहऱ्यावरून उरलेला अर्थ कळतो.

काही उणिवाही सांगितल्या पाहिजेत. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या हकीकती आठवणीतून सांगितलेल्या असल्याने त्या इतिहास म्हणून नव्हे, तर आठवणी म्हणूनच ऐकाव्यात. शिवाय त्यांचे खरे बळ समोरच्या माणसाचे वाक्य हवेत झेलून परत फेकण्यात होते. इथे समोर कोणी नसल्याने ती चुरस हरवते आणि सलग तीन भाग पाहिले की तोचतोपणा जाणवू लागतो. ‘गृहलक्ष्मी’ या हिंदी मासिकाचे पंधरा वर्षांचे संपादन किंवा १९८५ साली मुलाला पडद्यावर आणण्यासाठी स्वतः दिग्दर्शित केलेला ‘तुम पर हम क़ुर्बान’ यांविषयी त्यांच्याकडून आणखी कितीतरी ऐकायला मला आवडले असते. इतरांविषयी बोलण्याची सवय जडलेल्या माणसाकडून स्वतःविषयी फारसे निघत नाही, हेच खरे.

१८ नोव्हेंबर २०२२ रोजी त्या गेल्या. चॅनेलवरील गप्पा मात्र विनामूल्य ऐकता येतात. पाचपैकी चार गुण द्यावेत असे माझे मत आहे. सासूबाईंचे पाच आहेत, आणि त्यांतला एक रामाचा आहे. पाहायचेच तर भ्रमणध्वनीच्या लहान पडद्यावर न पाहता घरातील वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून, दिवसाला एकच भाग पाहावा.