घरी करायचं डीएनए किट: टेस्ट सोपी, पण डेटाचं टेन्शन (5 पैकी 2 स्टार)

न्यू जर्सीत राहते, सेलमध्ये हे किट मागवलं होतं. कंपनीचं नाव देत नाही. वापरायला सोपं आहे, अर्धा तास आधी काही खायचं-प्यायचं नाही, मग नळीत रेघेपर्यंत लाळ भरायची (फेस धरत नाहीत, त्यामुळे बराच वेळ लागतो), झाकण लावून हलवायचं आणि पोस्टात टाकायचं. रिपोर्ट दीड महिन्यात आला. दूरच्या नातेवाइकांची यादी छान निघाली, त्याचे 2 स्टार.

बाकीचे कापले ते डेटासाठी. ट्वेंटीथ्री अँड मी ही अशीच किट विकणारी मोठी अमेरिकन कंपनी मार्च 2025 मध्ये दिवाळखोरीत गेली आणि दीड कोटी लोकांचा डेटा विक्रीच्या टेबलावर आला, तेव्हा मी माझ्या कंपनीच्या अटी पहिल्यांदा नीट वाचल्या, तर कंपनी विकली गेली की डेटाही नव्या मालकाकडे जाणार असं सरळ लिहिलेलं. त्याआधी 2023 मध्ये ट्वेंटीथ्री अँड मीच्या साधारण 69 लाख लोकांची माहिती चोरीला गेली होती, आणि चोरांनी ज्यू आणि चिनी वंशाच्या लोकांच्या वेगळ्या याद्या काढून विकायला ठेवल्या. अशी यादी एखाद्या सरकारच्या हातात पडली तर काय, या विचाराने खरंच झोप उडाली.

आपल्याला वाटतं मेडिकल माहिती म्हणजे हिपा (रुग्णाची माहिती गुप्त ठेवायचा अमेरिकन कायदा) आहेच, पण तो डॉक्टर, हॉस्पिटल, इन्शुरन्सवाल्यांसाठी, अशी किटं सहसा त्यात येतच नाहीत. त्यामानाने नवे नियम कडक आहेत. 2024 च्या अमेरिकन कायद्याने डेटा ब्रोकरना (लोकांची माहिती गोळा करून विकणाऱ्या कंपन्यांना) चीन, रशिया, इराण, उत्तर कोरियाला असा डेटा विकायला बंदी केली, आणि 8 एप्रिल 2025 पासून अशा डेटाच्या व्यवहारांवर न्याय खात्याचा नियम लागू झालाय, त्यात क्युबा आणि व्हेनेझुएला पण आहेत. 100 पेक्षा जास्त अमेरिकनांचा जिनोम डेटा (डीएनएची माहिती) असेल तर नावं काढून टाकली तरी सूट नाही, हे मला फार आवडलं, कारण डीएनएवरून माणूस परत शोधता येतो. पण हे सगळं ठराविक देशांपुरतं. दिवाळखोरीत कंपनीच इथल्या इथे कोणी विकत घेतली तर ग्राहकाला आधी विचारलं पाहिजे, त्यासाठीचं बिल 2025 मध्ये सिनेटमध्ये मांडलंय, ते पास व्हायलाच हवं.

साताऱ्याला आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, म्हणजे माझं पण त्यात गेलं की, मला विचारायचं तरी." माझ्याकडे उत्तर नव्हतं. अर्धा डीएनए तिचाच ना.

ज्यांनी किट केलंय त्यांनी आधी रिसर्चसाठी दिलेली परवानगी मागे घ्या, मग लाळेचा नमुना नष्ट करायला सांगा, मग अकाउंट डिलीट करा, तिन्ही वेगवेगळ्या ठिकाणी आहेत, एक केलं की बाकीचं आपोआप होत नाही. मी पहिल्या दोन केल्यात. नमुना नष्ट केल्याचा मेल तीन आठवडे झाले तरी आलेला नाही, म्हणून अकाउंट अजून चालू ठेवलंय, सोमवारी परत फोन करणार आहे.