औषधांचं डिस्काउंट कार्ड: आठ महिन्यांनंतर

सप्टेंबरमध्ये बायकोचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. त्याचं बिल आलं आणि डिस्काउंट कार्डाबद्दलचं (इन्शुरन्सऐवजी हे दाखवलं की दुकानात औषध कमी दरात मिळतं) माझं मत बदललं, म्हणून लिहितोय.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. नोकरीतून मिळालेला हाय डिडक्टिबल प्लॅन आहे: वर्षात बायकोच्या उपचारांचे पहिले 3500 डॉलर (हेच डिडक्टिबल) आम्ही भरायचे, पुढच्या खर्चाचे 20 टक्के. तिची मेटफॉर्मिन, ॲटोरव्हास्टॅटिन आणि इन्हेलर मिळून इन्शुरन्सच्या दराने महिन्याला 78 डॉलर व्हायचे. जानेवारीत पहिल्यांदा फोनवरचं कार्ड दाखवलं. काउंटरवरच्या मुलीने कार्डावरचे नंबर टाकले आणि एका औषधाचे 31 चे 9 डॉलर झाले. तिन्ही मिळून 46. घरी येईपर्यंत आम्ही त्याबद्दलच बोलत होतो.

एकाच खरेदीला कार्ड आणि इन्शुरन्स दोन्ही चालत नाहीत, हे माहीत होतं. पण कार्ड वापरून आम्ही भरलेले पैसे आमच्या डिडक्टिबलमध्ये धरलेच जात नाहीत, हे कळलं ते बिल आल्यावर. आठ महिन्यांत 368 डॉलर भरले, खात्यावर जमा शून्य. पावत्या जोडून अर्ज केला, तोही नामंजूर. इन्शुरन्सवर औषधं घेतली असती तर 624 डॉलर गेले असते, पण ऑपरेशनच्या वेळी डिडक्टिबलचे तेवढेच कमी भरावे लागले असते. 20 टक्क्यांचा हिशेब धरूनही आमचे साधारण 243 डॉलर जास्त गेले. दर महिन्याला 32 डॉलर वाचतात असं मी धरून चाललो होतो! कार्डावर हे ठळक अक्षरात लिहायला काय हरकत होती? अजून राग जात नाही.

आणखी एक गोष्ट मला डॉक्टरांनी सांगितली. स्वस्त दरासाठी आम्ही तीन दुकानं फिरत होतो. त्यामुळे सगळी औषधं एका दुकानाच्या नोंदीत नव्हती आणि एकमेकांना न चालणारी औषधं तपासायची सोय गेली. आता सगळं एकाच ठिकाणी घेतो.

तरी कार्ड काढून टाकलेलं नाही. नाशिकहून आलेल्या आईची रक्तदाबाची गोळी संपली. तिच्या व्हिजिटर इन्शुरन्समध्ये जुना आजार बसत नाही. इथल्या डॉक्टरांनी अम्लोडिपिन लिहून दिली आणि कार्डावर तीन महिन्यांच्या गोळ्या 12 डॉलरला मिळाल्या. तिथे या कार्डाला तोड नाही.

दुकानात इन्शुरन्सचा आणि इन्शुरन्सशिवायचा, दोन्ही दर विचाराच. स्वस्त रोख दर ग्राहकाला सांगायला फार्मासिस्टला मनाई करणाऱ्या अटी पूर्वी करारांत असायच्या, 2018 च्या कायद्यांनी त्या बंद केल्या. आणि कार्ड फोनवर घेताना माहिती कुठे जाते तेही बघा. 2023 मध्ये अशी कार्डं देणाऱ्या गुडआरएक्स कंपनीने औषधांची माहिती फेसबुक-गुगलला दिल्याच्या प्रकरणात 15 लाख डॉलर दंड भरायचं मान्य केलं.

डिसेंबरपर्यंत बायकोची औषधं इन्शुरन्सवरच. जानेवारीत डिडक्टिबल पुन्हा शून्यावरून सुरू होईल, तेव्हा वर्षात मोठा खर्च दिसतोय का हे आधी डॉक्टरांना विचारणार आणि मगच कार्ड वापरायचं की नाही ते ठरवणार.