दिवाळीपासून एकाच डब्ब्यात विंडोज आणि लिनक्स मिंट: वापरानंतरचा अनुभव

आधीच सांगतो, तक्रार फारशी नाही. दिवाळीच्या सुट्टीत घरच्या डेस्कटॉपवर विंडोज 10 च्या शेजारी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम बसवली. आता नागपूरचा मे महिना तापलाय आणि दोन्ही सिस्टिम्स गुण्यागोविंदाने नांदताहेत. ड्युअल बूट, म्हणजे एकाच मशीनवर दोन सिस्टिम्स आणि चालू करताना त्यातली एक निवडायची, हे कसं बसवायचं याचे व्हिडिओ ढिगाने सापडतात. बसवल्यावर त्या मशीनवर तिघं माणसं काम करायला लागली की काय होतं, हे मात्र कोणी सांगत नाही, म्हणून हा एवढा प्रपंच.

मशीन जुनं आहे. सातव्या पिढीचा आय-5, 8 जीबी रॅम आणि एक 240 जीबीची एसएसडी. विंडोज 11 ला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते, त्यामुळे आमचा पत्ता कट. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. नोंदणी केली तर सुरक्षा अपडेट्स आणखी वर्षभर, म्हणजे 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत मिळतात, ती केली आहे. बर्डीवरच्या एका दुकानात विचारलं तर तिथला पोरगा म्हणाला, "काका, हा डब्बा बदलूनच टाका आता." बाप्पा, चालता डब्बा बदलायचा कशाला?

विंडोज पूर्ण काढून टाकणं शक्यच नव्हतं. बायको इतवारीतल्या काही दुकानदारांचे हिशेब घरी बसून लिहिते आणि तिचं हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅलीप्राइम विंडोजसाठीच आहे. मग वाटणी केली: टॅली आणि बिलांची छपाई विंडोजवर. मेल, बँक, माझं मराठी टायपिंग आणि मुलाचं कॉलेजचं प्रोग्रामिंग मिंटवर. विंडोजला नेट लागेल तेवढ्यापुरतंच जोडायचं.

सगळ्यात फायद्याचा निर्णय ठरला तो दुसरी एसएसडी घेण्याचा. एकाच डिस्कचे तुकडे पाडूनही काम होतं, पण विंडोज स्वतःचं पार्टिशन (डिस्कवरचा आपला हिस्सा) एका मर्यादेपलीकडे लहान करू देत नाही. मध्येच न हलणाऱ्या फाइली बसलेल्या असतात. शिवाय 240 जीबीत दोन संसार म्हणजे दोघांचीही ओढाताण. वेगळी 500 जीबीची साटा एसएसडी लावली आणि मिंट टाकायच्या वेळी विंडोजवाल्या डिस्कची केबल सरळ काढून ठेवली. याला कारण आहे. मिंटचा इन्स्टॉलर तुम्ही दुसरी डिस्क निवडली तरी बूटलोडर (चालू होताच सिस्टिम उठवणारा छोटा प्रोग्राम, मिंटचा तो ग्रब) कित्येकदा पहिल्या डिस्कवरच्या ईएफआय पार्टिशनमध्ये, म्हणजे अशा प्रोग्रामांच्या जागेत, नेऊन ठेवतो. मग दोन डिस्क असूनही मिंट विंडोजच्या डिस्कवर अवलंबून राहतं. एक डिस्क काढली की दुसरी अडते. केबल काढली तर हा प्रश्नच येत नाही. मिंट उठतंय हे पाहिलं, केबल परत लावली, बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) मिंटची डिस्क पहिल्या क्रमांकावर आणली, टर्मिनलमध्ये (मिंटला आज्ञा टाइप करून द्यायच्या खिडकीत) 'सुडो अपडेट-ग्रब' चालवलं आणि ग्रबने विंडोज शोधून यादीत घेतलं. ग्रबच्या 2.06 आवृत्तीपासून ही शोधाशोध मुळात बंद ठेवलेली असते. मिंटने ती चालू ठेवली आहे. इतर काही लिनक्समध्ये मात्र ग्रबच्या सेटिंग फाइलमध्ये 'ओएस-प्रोबर'ची ओळ हाताने बदलावी लागते, नाहीतर मेनूत विंडोज दिसतच नाही आणि माणूस घाबरतो की डेटा गेला.

त्याआधी एक गोष्ट मात्र पाहून घ्या. विंडोजमध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन' उघडून 'बायोस मोड'समोर काय लिहिलंय ते बघा. यूईएफआय (मशीन सुरू करायची नवी पद्धत, जुनी ती लेगसी) असेल तर ज्यावरून मिंट बसवायचं तो पेनड्राइव्हसुद्धा यूईएफआयमध्येच सुरू करा. एक सिस्टिम यूईएफआय आणि दुसरी लेगसी अशी खिचडी झाली तर ग्रबच्या मेनूतून विंडोजकडे जाता येत नाही.

आता मेनू, म्हणजे चालू होताच कुठली सिस्टिम उघडायची हे विचारणारी ग्रबची यादी. बसवण्यापेक्षा याच्यात जास्त डोकं गेलं, आणि माझ्या मते ड्युअल बूटचं खरं काम इथेच आहे.

सुरुवातीला मिंट वर होतं आणि काही सेकंदांनी आपोआप तेच सुरू व्हायचं. बायको सकाळी मशीन चालू करून चहा टाकायला जायची आणि परत येईस्तोवर मिंट उघडलेलं. पुन्हा रिस्टार्ट, पुन्हा वाट. तिचं म्हणणं सरळ होतं, "तुमच्या त्या काळ्या पडद्यापुढे मी उभी राहू का? चालू केलं की टॅली आली पाहिजे." मग मुलाने ग्रबला मागची निवड लक्षात ठेवायला लावलं. सेटिंग फाइलमध्ये डिफॉल्टसमोर 'सेव्ह्ड' लिहायचं आणि 'सेव्हडिफॉल्ट' चालू करायचं. एकटा माणूस मशीन वापरत असेल तर मी हेच सुचवीन. विंडोजचं अपडेट मधल्या मध्ये दोन-तीनदा रिस्टार्ट घेतं, तेव्हा मशीन न चुकता विंडोजमध्येच परत येतं. पण आमच्याकडे पोरगा रात्री उशिरापर्यंत मिंटवर, आणि सकाळी बायकोच्या वाट्याला पुन्हा मिंट.

शेवटी जे ठरलं ते आजपर्यंत बदललेलं नाही: डिफॉल्ट कायम विंडोज, थांबायला आठ सेकंद. मिंट ज्यांना हवं त्या आम्हा बापलेकांना बाण खाली करून एंटर दाबायला काही कष्ट पडत नाहीत. मेनूची ज्याला अजिबात आवड नाही, डिफॉल्ट त्याचं असावं. हे तत्त्व मला कुठल्याही सूचनापुस्तकात दिसलं नाही, पण घरातली कटकट त्यानेच थांबली. डिफॉल्ट देताना क्रमांकाने देऊ नका, नावाने द्या. मेमरी टेस्टसारखी एखादी ओळ यादीत वाढली की क्रमांक सरकतात. आम्ही ओळींची नावंही बदलून 'टॅली' आणि 'इंटरनेट' ठेवली आहेत, रोमन लिपीत, कारण त्या पडद्यावर देवनागरीच्या मात्रा-वेलांट्या जागेवर बसत नाहीत. कर्नलवाली (कर्नल म्हणजे मिंटचा गाभा, अपडेटबरोबर नवा येतो) 'ॲडव्हान्स्ड' यादी मात्र काढून टाकू नका. एका नव्या कर्नलने आमचा वायफायचा डोंगल ओळखणंच सोडलं होतं. त्या यादीतून जुना कर्नल निवडला आणि पुढचं अपडेट येईपर्यंत त्यावर काम निभावलं.

ब्लूटूथ कीबोर्ड या मेनूवर चालत नाही, कारण तोवर ब्लूटूथ सुरूच झालेलं नसतं. वायरचा ठेवा, नाहीतर यूएसबी डोंगलवाला. बायोसमधलं 'फास्ट बूट' चालू असेल तर कधी कधी यूएसबीचा कीबोर्डही वेळेत जागा होत नाही, तेव्हा ते बंदच बरं.

घड्याळाची गंमत बहुतेकांना पहिल्याच दिवशी भेटते. मिंटवरून विंडोजमध्ये गेलं की वेळ साडेपाच तास मागे. सकाळी दहाला पहाटेचे साडेचार. मदरबोर्डवरच्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ लिहितं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजून वाचतं. विंडोज नेटला जोडलेलं असेल तर थोड्या वेळाने आपोआप सुधारतं, पण आमचं बहुधा नेटविना, त्यामुळे टॅलीच्या बॅकअपवर भलत्याच वेळा पडायला लागल्या. उपाय दोन आहेत: विंडोजच्या रजिस्ट्रीत (आतल्या सेटिंग्जच्या नोंदींत) बदल करा, नाहीतर मिंटला स्थानिक वेळ वापरायला सांगा. आम्ही दुसरा केला, टर्मिनलमध्ये एका ओळीचं काम. मिंट त्यावर इशारा देतं, पण त्यातली मोठी भीती उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करणाऱ्या देशांसाठी आहे. आपल्याकडे तो प्रकार नाही, म्हणून बिनधास्त करा.

मार्चमध्ये घड्याळ पुन्हा बिघडलं, आणि या वेळी मेनूही गायब. चालू केलं की थेट विंडोज. मुलगा म्हणाला, "बाबा, अपडेटने ग्रब उडवलं." तसंही होतं. विंडोजचं मोठं अपडेट कधी कधी बूटच्या क्रमात स्वतःला वर नेऊन ठेवतं. पण तारीख पाहिली तर कित्येक वर्षं मागची! म्हणजे मदरबोर्डवरचा सेल संपलेला. बायोसच्या सेटिंग्ज मूळपदावर गेल्या, डिस्कचा क्रमही गेला. सीआर 2032 नावाचा हा बटणासारखा सेल कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो. तो बदलला, क्रम पुन्हा लावला, संपलं. घड्याळ बरोब्बर साडेपाच तास चुकत असेल तर सेटिंग बघा, वर्षच चुकत असेल तर सेल बघा. मिंट वेगळ्या डिस्कवर असल्यामुळे ग्रबला धक्काही लागला नव्हता.

उन्हाळ्यात कूलर लागला की आमच्याकडे वीज लपंडाव खेळते आणि संध्याकाळी वावटळ सुटली की जातेच. यूपीएस आहे, पण त्याची बॅटरी थकलेली. मिंट उठता उठताच वीज गेली तर पुढच्या वेळी मेनू आठऐवजी तीस सेकंद थांबतो. ही खराबी नाही. मागचं बूट अर्धवट राहिलं हे ग्रबने टिपून ठेवलेलं असतं आणि तो तुम्हाला निवडायला जास्त वेळ देतो. एकदा नीट सुरू झालं की पुन्हा आठ.

दोन्हीकडून वापरायच्या फाइलींसाठी नव्या डिस्कवर एक एनटीएफएस (दोन्ही सिस्टिम्सना वाचता-लिहिता येणारं) पार्टिशन ठेवलंय. त्यासाठी विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' बंद करणं सक्तीचं समजा. ते चालू असलं की 'शट डाउन' म्हटल्यावरही विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धं झोपतं, आणि मिंट ते पार्टिशन फक्त वाचायला उघडतं. वर्षअखेरीची एक्सेल फाइल सेव्ह होत नाही म्हणून डोकं फिरवून घेण्यापेक्षा हे पहिल्या दिवशीच उरका.

लॅपटॉपवाल्यांनी अजून एक पाहावं. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला कुलूप घालणारी सोय) चालू असेल तर बूटच्या क्रमाला किंवा सिक्युअर बूटला (फक्त मान्य सही असलेली सिस्टिम उठू देणाऱ्या सेटिंगला) हात लावल्यावर विंडोज 48 अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती आधीच कागदावर उतरवून कपाटात ठेवा. ऑगस्ट 2024 मध्ये विंडोजच्या एका अपडेटनंतर सिक्युअर बूट चालू असलेल्या अनेकांचं लिनक्सच उठेना. तेव्हा सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करावं लागलं होतं. आमच्या मशीनवर ते चालू आहे आणि मिंटची त्याबाबत आजवर कुरकुर नाही.

कोणी करू नये? ज्याला दिवसातून पाच वेळा इकडून तिकडे जायचंय त्याने. प्रत्येक वेळी सगळं बंद करून रिस्टार्ट घ्यायचा कंटाळा येतो आणि महिन्याभरात एक बाजू ओस पडते. रॅम भरपूर असेल तर अशांनी व्हर्च्युअल मशीन (एका सिस्टिमच्या आत खिडकीत दुसरी चालवायची सोय) घ्यावं. आमच्या 8 जीबीत ते रडतखडत चाललं असतं. आमचं ड्युअल बूट टिकलं ते कामं वेगळी आणि माणसंही वेगळी म्हणून.

अडचण उरली आहे ती जीएसटी रिटर्नच्या तारखांची. महिन्याच्या 11 आणि 20 तारखेला बायकोला टॅलीही हवी आणि जीएसटीचं पोर्टलही. सध्या ती विंडोजवरच नेट जोडून भरते. ऑक्टोबरमध्ये वाढीव मुदत संपली की विंडोजचं नेट मी कायमचं बंद करणार आहे. त्याची तालीम म्हणून तिने एप्रिलचं जीएसटीआर-1 (विक्रीचं रिटर्न) वेगळ्या वाटेने भरून पाहिलं: टॅलीतून जेसन फाइल काढली, सामायिक पार्टिशनमध्ये टाकली, रिस्टार्ट केलं आणि मिंटवरून पोर्टलवर चढवली. पहिल्याच खेपेला गेली, ओटीपीवर काम झालं. पण एका दुकानाच्या फाइलीत जीएसटी नंबर चुकीचा निघाला, त्यासाठी परत टॅलीत जाऊन परत मिंटवर यावं लागलं आणि तिथे तिचा पारा चढला. तिचा प्रस्ताव असा की डेस्कटॉपवर टॅली उघडीच राहील आणि पोर्टलसाठी त्या दोन दिवशी माझा लॅपटॉप तिच्याकडे. 11 तारखेचं मी मान्य केलंय, 20 चं अजून ठरायचंय.