क्लाउडवरचं आर्काइव्ह हलवून देतो म्हणून ३१ हजार घेतले आणि पूर्ण नाटक एकही नाही आलं

मी गडचिरोलीतल्या देसाईगंज-वडसा भागातला, झाडीपट्टीच्या म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या नाटकांचं शूटिंग करतो. धान निघालं की इकडे रात्र रात्र नाटकं चालतात, एकेका नाटकाची फाईल २०-२५ जीबी होते. २०२३ ला झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणेंना पद्मश्री मिळाली तेव्हा वाटलं आपल्याजवळचंही जपलं पाहिजे, म्हणून सगळं ॲमेझॉनच्या एस थ्री या क्लाउड साठवणीवर ग्लेशियर डीप आर्काइव्हमध्ये टाकलं, स्वस्त पडते पण फाईल लगेच उघडत नाही, आधी रिस्टोर करून बाहेर काढावी लागते, आणि हार्डडिस्क पुसून परत वापरल्या.

यंदा ते नव्या अकाउंटच्या बकेटमध्ये (एस थ्रीवरचा फाईलींचा डबा) न्यायचं होतं. नागपूरच्या एका पोराला २५ हजारात काम दिलं, वरून ६ हजार त्याने "एक्सप्रेस रिस्टोर"चे घेतले. डीप आर्काइव्हमध्ये एक्सप्रेस वगैरे काही नसतेच हो, रिस्टोरचे दोनच प्रकार, स्टँडर्डला १२ तासांपर्यंत नाहीतर बल्कला ४८ तासांपर्यंत, बस. हे मला नंतर कळलं.

चौथ्या दिवशी व्हिडिओ कॉलवर त्याने नवी बकेट दाखवली, एक गाणं लावलं, पेटीचा सूर ऐकून मी खुश. म्हटलं बाकीच्या फाईली दाखव, तर म्हणे "भाऊ, काहून टेन्शन घेता, शितावरून भाताची परीक्षा, आता जुनं डिलीट करा नाहीतर दोन्हीकडचं बिल बसेल." मी पैसे टाकले आणि त्याच रात्री २०१८ च्या सीझनचं फोल्डर उडवलं.

पंधरा दिवसांनी निवांत पाहिलं तर २१४ पैकी ५८ फाईली, सगळी गाणी नाहीतर छोट्या क्लिपा. एका साध्या कॉपी कमांडने ५ जीबीपर्यंतचीच फाईल जाते, त्याच्या वरची मल्टीपार्टने तुकड्या-तुकड्यात न्यावी लागते. त्याच्या स्क्रिप्टने प्रत्येक मोठ्या फाईलवर एरर दिला होता आणि ती लॉग फाईल तिथंच पडून होती, कॉलच्या आदल्या रात्रीची. म्हणजे गाणं लावून दाखवलं तेव्हा त्याला सगळं माहीत होतं! त्यात रिस्टोर केलेली कॉपी तात्पुरती असते, त्याने ७ दिवसच टाकले होते, ते संपले, आता उरलेल्यांसाठी परत रिस्टोरचा खर्च. फोन तो उचलत नाही, सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे.

कोणाला असं काम देत असाल तर दोन्ही बकेटमधल्या फाईलींची संख्या आणि एकूण साईझ स्वतः जुळवा, सगळ्यात मोठी फाईल पूर्ण डाउनलोड करून शेवटपर्यंत चालवा, नव्या बकेटमध्ये स्टोरेज क्लास (साठवणीचा प्रकार) स्टँडर्ड, म्हणजे लगेच उघडणारा, दिसते का पाहा, आणि तोवर ना पैसे द्या ना जुन्याला हात लावा.

२०१८ च्या त्या फोल्डरमध्ये आमच्या इकडच्या एका जुन्या नटाचं शेवटचं नाटक होतं, कोरोनात ते गेले. मागच्या आठवड्यात त्यांच्या मुलीचा फोन आला, "दादा, बाबांचं ते नाटक पेनड्राइव्हमध्ये देता का?" माझ्याकडे त्यातलं सव्वाचार मिनिटांचं गाणं आहे, कॉलवर वाजलं होतं तेच.