लाल फुलांच्या घेवड्याचं पाकीट: बी खणखणीत, सूचना मात्र नागपूरच्या नाहीत

ऑनलाइन मागवलं होतं. 12 बिया, 160 रुपये. कंपनीचं नाव घेत नाही. पाकीट फोडलं तर अंगठ्याच्या नखाएवढ्या जांभळ्या बिया, वर काळे शिंतोडे. सासूबाई म्हणाल्या, "बाप्पा, ह्या तं एरंड्या दिसून राह्यल्या!"

पाकिटावर 'पेरणी जून ते ऑगस्ट' असं छापलंय. मी भोळेपणानं पहिल्या पावसात सहा बिया रंगाच्या रिकाम्या बादल्यांत लावल्या. सहाही उगवल्या. वेल सुतळी धरून पाण्याच्या टाकीपर्यंत चढली, ऑगस्टात लालभडक फुलांनी भरली. आणि शेंग? एक नाही. रोज सकाळी गच्ची झाडताना सुपडीभर फुलं निघायची. ही वेल मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या थंड डोंगराळ भागातली. उकाड्यात ती फूल धरत नाही, गाळते. मानेवाड्याच्या गच्चीवर पावसाळ्यातल्या रात्रीही घाम फुटतो, हे पाकीट छापणाऱ्याला कोण सांगणार!

उरलेल्या सहा कोजागिरीला पेरल्या. एक कुजली. बाकीच्या पाच वेलींना डिसेंबरात, थंडी पडल्यावर, शेंगा धरल्या. आपल्या नेहमीच्या बीन्सचं मधमाशीवाचून भागतं, हिला मधमाशी लागते. म्हणून बादल्या तुळशीजवळ सरकवल्या होत्या. फुलांवर शिंजीर पक्षीही यायचा.

तोडणीचं मात्र तंत्र आहे. शेंग वीतभर झाली, आत दाणा फुगला नाही, तोवर खुडायची. बोटांना जराशी खरखरीत लागते, पण मोडली की कट्कन आवाज येतो. दर दोन-तीन दिवसांनी तोडत राहिलं तर वेल नवी फुलं काढते. मी लग्नाला अमरावतीला गेले, पाच दिवसांनी आले तर शेंगा चामड्यासारख्या. कडेचे दोरे काढता काढता नखं दुखली. कोवळ्या शेंगा तिरप्या चिरून लसूण-मिरचीत परतल्या, वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर. चव बरबटीपेक्षा (चवळीच्या शेंगांपेक्षा) गोडसर. जानेवारीअखेरपर्यंत दीडेक किलो निघाल्या. फेब्रुवारीत ऊन तापलं नि पुन्हा फुलगळ.

माझा खरा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. वाळलेले दाणे कच्चे खाल्ले तर पोट बिघडतं, उलट्या होतात. रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, चांगले खळखळ उकळावे लागतात. पाकिटावर याचा एक शब्द नाही. घरात लहान मूल असलं तर?

पाचपैकी तीन तारे, ते बियांना आणि फुलांना. नुसती भाजी हवी असेल तर गोकुळपेठ बाजारातून पोपटाच्या (वालाच्या) शेंगा आणा, स्वस्त पडतील. मी मात्र यंदा पुन्हा मागवणार, पेरीन दसरा झाल्यावर. जुन्या वेलींची जाड मुळं बादलीतच ठेवलीत. ती मे महिना काढतात का, ते बघायचंय.