८ बाय ४२ दुर्बीण: वर शेकरू, खाली मॉस

साडेआठ हजारांना घेतली मार्चमध्ये, घेताना डोक्यात फक्त पक्षी होते, पण खरी कसोटी लागली ती ऑक्टोबरच्या शेवटी गुप्त भीमाशंकरच्या वाटेवर.

शेकरू सकाळी उंबरावर दिसलं. मागच्या पायांनी फांदी धरून उलटं लटकलेलं, पुढच्या दोन्ही हातांत फळ, आणि ती भलीमोठी शेपूट तोल सांभाळायला. काय देखणा राज्यप्राणी आहे आपला! झाडी दाट, उजेड कमी, तरी ४२ मिमीच्या भिंगातून शेपटीचं फिकट टोकसुद्धा स्वच्छ. ही ८ पटीची, १० पटीची घेतली असती तर हात हलून सगळं थरथरलं असतं. पण मिळाली दोनच मिनिटं, मग लांब उडी मारून पुढच्या झाडावर आणि गायब.

मग खाली लक्ष गेलं. कोणीतरी कधीतरी तीन दगडांची चूल पेटवलेली, त्या जळक्या मातीवर फ्युनारिया, अकरावीच्या बायोलॉजीतलं तेच मॉस! दुर्बीण उलटी करायची, मोठ्या भिंगाला डोळा लावायचा आणि छोटी बाजू मॉसपासून इंचभरावर न्यायची, मस्त भिंग तयार होतं. बारीक देठावर वाकलेली बोंडं दिसली. वाळक्या देठावर तोंडाची वाफ सोडली तर तो चक्क पीळ सोडत फिरायला लागला, याचं पूर्ण नाव फ्युनारिया हायग्रोमेट्रिका, त्यातलं हायग्रोमेट्रिका हे हवेतल्या ओलाव्यावर असं हलण्यावरूनच पडलंय. मी अर्धा तास तिथेच.

शेकरू शेपटीसकट मीटरभर, हे देठ धरून चार-पाच सेंटीमीटर, खरी मुळंही नाहीत. पण मला सगळ्यात लागलं ते वेगळंच. शेकरूला फांदीला फांदी भिडलेलं जंगल लागतं, ते जमिनीवर क्वचितच उतरतं, मधली झाडं गेली की त्याचा रस्ताच तुटतो. फ्युनारिया मात्र जळालेल्या जागी पहिल्या काही जणांत हजर होतं. म्हणजे वणव्यात एकाचं घर जातं आणि दुसऱ्याला अंगण मिळतं. त्या चुलीच्या काळ्या डागावरून वर बघितलं तेव्हा पोटात गोळा आला, कृपया जंगलात चूल पेटवू नका.

दुर्बिणीचं म्हणाल तर सरळ धरून दोन मीटरच्या आतलं काही दिसत नाही, पट्टा मानेला काचतो आणि उलटी वापरली की आयपीसला, म्हणजे एरवी डोळ्याला लावायच्या छोट्या भिंगाला, माती लागते, मऊ कापड खिशात हवंच. फक्त मॉस बघायचं असेल तर १० पटीचं हातभिंग घ्या, खूप स्वस्तात काम होतं. शेकरूही बघायचं असेल तर हीच.