गच्चीसाठी दोन घटकांचं सिमेंट-अ‍ॅक्रिलिक कोटिंग: नागपूरच्या उन्हात कसं टिकतं?

पावडर आणि दुधासारखं लिक्विड, असा हा वॉटरप्रूफिंगचा जोड-डबा. बाथरूमसाठी उत्तम. गच्चीसाठी चांगला, पण अटी आहेत.

बहुतेक तक्रारी फोड येण्याच्या, आणि दोष मालाचा क्वचितच असतो. स्लॅबमध्ये ओल अडकलेली असते. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की तिची वाफ होते आणि थर खालून उचलला जातो. म्हणून आधी दीड फुटाचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतून थेंब दिसले तर काम थांबवा.

पृष्ठभाग तारेच्या ब्रशने घासून धूळ काढा, पाण्याने भिजवा. पृष्ठभाग फक्त वरून ओलसर असावा, पाणी साचलेलं नको. मिश्रण हळू फिरणाऱ्या ड्रिलने करा. अर्ध्या तासात संपेल एवढंच कालवा. उन्हात ते त्याहूनही लवकर घट्ट होतं, आणि मग मिस्त्री वरून पाणी ओततो. तिथेच कामाची वाट लागते! पहिला हात आडवा, ४ ते ६ तासांनी दुसरा उभा. पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) कोपऱ्यात आधी वाटा मारा, म्हणजे सिमेंट-वाळूने कोपरा गोलसर भरा, कोटिंग भिंतीवर फूटभर चढवा, सांध्यांवर फायबर जाळी बसवा.

उतार १०० ला १ नसेल तर कोटिंगचा खर्च वाया. आणि उघडं ठेवू नका, वर स्क्रीड (सिमेंट-वाळूचा थर) किंवा टाइल हवीच. त्याआधी ४८ तास पाणी भरून चाचणी घ्या.

पाचपैकी साडेतीन. हलणाऱ्या, म्हणजे कमी-जास्त होत राहणाऱ्या भेगांसाठी मात्र घेऊ नका.